झाकायला कोंबडंही नाही

नोव्हेंबरच्या शेवटाला सूर्य जातो,
जानेवारी सरत आला की येतो.
मधल्या दिवसांत सकाळ म्हणजे
भिंतीवरच्या घड्याळाने उठवलेली अफवा.
आमच्या बेटावर आरवायला कोंबडं नाही,
झाकून ठेवायलाही नाही.
सहा वाजतात, इतकंच.

मी एस्किलला हाक मारत नाही आताशा.
त्याच्या खोलीतला दिवा लावते फक्त.
पंधराचा आहे. पांघरुणातून
एक पाय बाहेर, लोकरी मोज्यासकट.
तो पाय शाळेला निघालाय असं वाटतं,
बाकीचा एस्किल नाही.

हाच एस्किल, कॉडचा हंगाम लागला की
दुपारी धक्क्यावर पाच-पाच तास उभा.
माशाचं डोकं लोखंडी सुळक्यावर खोचायचं, जीभ कापायची,
शंभर, दोनशे, बोटं निळी पडेपर्यंत.
कुणी उठवावं लागत नाही.
जिभांचे किलोवर रोख पैसे मिळतात.
भूमितीचे कुणी देत नाही.

शाळेतल्या समुपदेशक टोरबोर्ग बाई म्हणाल्या,
त्याच्यापुढे शिखर हवं.
त्यांच्या पाठीमागे पोस्टर होतं,
बर्फाच्या टोकावर हात पसरून उभा एक माणूस.
आमच्या बेटावरची सगळ्यात उंच टेकडी
कारखान्याच्या धुराड्याहून थोडीच मोठी.
मी मान डोलावली.
हात मिळवून निघाले, तेव्हा मागे
त्यांनी हात पुसला असावा.
मासळीचा वास साबणाला ऐकत नाही.

खरं सांगायचं तर मलाच कळत नाही
माणसं कशाच्या जोरावर उठतात.
मी सोळाव्या वर्षी शाळा सोडली.
गरिबी, आजारपण, असलं काही नव्हतं हो.
नुसता कंटाळा.
एका मंगळवारी गेले नाही,
मग बुधवारी जायची लाज वाटली.
त्या बुधवारला आता सत्तावीस वर्षं झाली.

आता पाळी संपली की मंगळवारी, गुरुवारी
ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही चौघं:
बर्फाचा नांगर चालवणारा आयलिफ,
पट्ट्यावर माझ्या शेजारी उभी राहणारी लिथुआनियाची दाइवा,
एक निवृत्त कप्तान, जो झोपतो,
आणि मी.
वर्गसमीकरणं चाललीत.
आयलिफ म्हणतो, रस्ता साफ करून वळावं
तर मागे पुन्हा तेवढंच साचलेलं.
तरी वळतोच ना मी. मग हे काय वेगळं?

पहिल्या चाचणीत मला शंभरात एकोणीस.
तो कागद मी फ्रिजच्या दारावर लावला नाही.
फ्रिजच्या मागे टाकला.

एका रात्री एस्किल धक्क्यावरून आला,
बाहीवर खवले, जेवला, ताट तिथंच,
आणि माझ्या वहीवर वाकला.
मी तीच ओळ चौथ्यांदा खोडत होते.
त्यानं पेन्सिल घेतली,
एक वजा चिन्ह काढलं, इवलंसं,
माशाच्या काट्याएवढं.
"इथं सांडलं होतं," म्हणाला,
आणि आंघोळीला गेला.

उत्तर आलं.
मी मात्र उत्तराकडे बघत नव्हते.
त्याला हे येतं, म्हणजे
कधीतरी, कुठल्यातरी तासाला
तो वर्गात जागा होता.

दुसऱ्या दिवशी वेळेवर उठला,
असं मी सांगणार नाही.
साडेनऊला गेला.

सूर्य परतला त्या दिवशी शाळेला सुट्टी.
मुलांनी टेकडीवर जाऊन बघायचं असतं.
आमचा पट्टाही सहा मिनिटं थांबवला.
पांढऱ्या टोप्या, रबरी बूट, आम्ही सगळ्या दारात.
तो आधी दाइवाच्या चष्म्यावर आला,
मग समोरच्या भिंतीवर,
मग गेला.
संध्याकाळी विचारलं, "पाहिलास?"
"सुट्टी होती ना," एस्किल म्हणाला, "झोपलो."

आज माझी दुसरी चाचणी.
सूर्य आला तरी सहाला येत नाही तो,
सहाला अजून काळोखच.
मी दिवा लावते.

दोन्ही पाय बाहेर आहेत.